‘टीका’ : सांगण्यापासून टोचण्यापर्यंत

इंदापूर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे मराठी शिकवले. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी पदवीच्या पहिल्या वर्गात ज्ञानेश्वरीची ओळख करून देत होतो. दरवर्षी म्हणायचो तेच वाक्य म्हटले : ‘ज्ञानेश्वरी ही भगवद्गीतेवरची टीका आहे.’ मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला. सणसरकडची, घरी ऊस आणि चार जनावरे असलेली, तासाला कधी न चुकणारी मुलगी. तिने विचारले, ‘सर, माउलींनी गीतेवर टीका का केली? त्यांना गीता पटत नव्हती का?’

वर्ग हसला आणि मीही हसलो. ‘अगं, टीका म्हणजे इथे अर्थ सांगणे,’ असे म्हणून पुढे गेलो. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र ते हसणे मला खटकायला लागले. मुलीचे काय चुकले होते? तिने हा शब्द जिथे जिथे ऐकला होता तिथे त्याचा एकच अर्थ होता. विरोधकांवर टीका, सडकून टीका, टीकेची झोड, टीकास्त्र. एवढे ऐकल्यावर ज्ञानेश्वरांच्या हाती तिला शस्त्र दिसले, तर दोष तिचा नव्हता. एकाच शब्दाचे दोन अर्थ मी चाळीस वर्षे खिशात घेऊन फिरत होतो, आणि एकातून दुसरा कसा निघाला हे कुणाला सांगायची गरज मला कधी वाटली नव्हती. हा लेख म्हणजे तिला त्या दिवशी द्यायला हवे होते ते उत्तर आहे. ते शोधताना मला फार लांब जावे लागले नाही. या शब्दाच्या वळणावरचा एक मोठा टप्पा आमच्या शेजारीच, बारामतीत आहे.

*

आधी शब्दाचे मूळ पाहू. संस्कृत धातुपाठात ‘टीक्’ हा धातू जाणे, चालणे या अर्थाने दिलेला आहे. नवव्या-दहाव्या शतकातल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’च्या आरंभी शास्त्रग्रंथांचे प्रकार सांगताना समजावण्याच्या शब्दांची एक नीट यादीच लावून दिली आहे. थोडक्यात सांगितलेले ते सूत्र. सूत्राचे सार उघड करणारी ती वृत्ती. आक्षेप घेऊन त्यांना उत्तर देत जाते ते भाष्य. भाष्याच्या आत शिरून अवांतर अर्थ वेगळे करून दाखवते ती समीक्षा. जमेल तितका अर्थाचा माग घेत जाते ती टीका. केवळ अवघड पदे फोडते ती पंजिका. आणि काय सांगितले, काय सांगायचे राहिले, काय चुकीचे सांगितले याचा विचार करते ते वार्तिक.

या यादीत दोष काढण्याचे काम आहे. ते वार्तिकाकडे आहे. आक्षेप घेण्याचेही काम आहे, ते भाष्याकडे आहे. टीकेकडे यांतले काहीच नाही. तिच्याकडे फक्त अर्थाच्या मागोमाग चालण्याचे काम आहे, आणि तेही ‘जमेल तितके’. या ‘जमेल तितके’मध्ये मला फार मोठी नम्रता दिसते. टीकाकार ग्रंथाच्या पुढे पळत नाही, त्याला आडवाही येत नाही. तो बरोबर चालतो.

आमच्या भागात बरोबर चालणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीला येते. तिथे धोतरांच्या पायघड्या घालतात, पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे सणसर, बेलवाडीचे रिंगण, निमगाव केतकी असे करत पालखी इंदापूरला पोचते आणि सराटीहून नीरा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात जाते. दिवसभर चालायचे आणि रात्री मुक्कामावर कीर्तन ऐकायचे. कीर्तनकार एक अभंग घेतो आणि दोन तास त्याच्याबरोबर चालतो. एकेक चरण सोडवतो, दुसऱ्या संताचे प्रमाण देतो, दृष्टांत देतो, पुन्हा मूळ चरणावर येतो. याला आपण निरूपण म्हणतो. जुन्या अर्थाने ही टीकाच आहे. फरक एवढाच, की ती कागदावर नाही.

*

ज्ञानेश्वरीला टीका म्हणतात ती या अर्थाने. गीतेचे सातशे श्लोक आणि त्यांवर नऊ हजारांच्या आसपास ओव्या. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवाशाला हे काम झाले. ग्रंथाचे परंपरागत नाव ‘भावार्थदीपिका’. दिव्याचे काम वस्तू दाखवण्याचे असते, वस्तूचा भाव करण्याचे नसते.

पण म्हणून जुनी टीका म्हणजे निव्वळ मान डोलावणे होते असे समजायचे कारण नाही. सतराव्या शतकात वामनपंडितांनी गीतेवरच ‘यथार्थदीपिका’ लिहिली. बावीस हजारांच्या घरातल्या ओव्या. नावातच मतभेद आहे : भावार्थ सांगून झाला, आता यथार्थ सांगतो. ज्ञानेश्वरांशी वामनपंडितांचे सगळे पटत नव्हते. पण हा मतभेद त्यांनी कसा मांडला? पुन्हा पहिल्या श्लोकापासून सुरुवात करून, सातशेच्या सातशे श्लोकांचा अर्थ स्वतः लावून. ‘तुमचा अर्थ चुकला’ असे म्हणण्याची किंमत त्या काळी बावीस हजार ओव्या होती. आज ती एक ओळ आहे. ‘टीका’ या शब्दाचा प्रवास थोडक्यात सांगायचा तर ही किंमत कशी उतरत गेली त्याचा हिशेब मांडावा लागेल.

*

आता बारामती. मोरेश्वर रामजी पराडकर, म्हणजे आपले मोरोपंत, १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मले. तिथे केशव आणि गणेश पाध्ये यांच्याजवळ त्यांचे संस्कृत शिक्षण झाले. वडील बारामतीच्या बाबूजी नाईकांच्या पदरी होते, त्यांच्यामागून मोरोपंत बारामतीला आले आणि १७९४ साली तिथेच त्यांचा शेवट झाला. बाबूजी नाईक म्हणजे पेशव्यांचे सावकार आणि नातलग असे मोठे प्रस्थ. कऱ्हेच्या काठी त्यांचा वाडा अजून उभा आहे. मोरोपंतांचे तिथले काम पुराणिकाचे. संस्कृत पुराण वाचायचे आणि समोर बसलेल्यांना त्याचा अर्थ मराठीत सांगायचा. म्हणजे हा माणूस पोटापाण्यासाठी वर्षानुवर्षे टीकाच करत होता. जुन्या, चांगल्या अर्थाने.

गंमत अशी, की समजावून सांगण्यावर ज्याचा चरितार्थ चालला त्याची कविता समजावून घेतल्याशिवाय समजत नाही. सगळी मिळून पाऊण लाखाच्या आसपास कविता भरते असे म्हणतात. परंपरा १०८ रामायणांचा उल्लेख करते. त्यांतल्या एकात प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारायची अक्षरेच येऊ द्यायची नाहीत असा पण आहे, ते निरोष्ठ रामायण. ‘आर्याभारत’ आहे, ‘कृष्णविजय’ आहे. लांब संस्कृत समास, कर्ता एका टोकाला आणि क्रियापद दुसऱ्या, मधे यमकांची कसरत. पुराण सांगताना जो माणूस अवघडाचे सोपे करत होता तोच लिहिताना सोप्याचे अवघड का करत होता, असा प्रश्न मोरोपंतांच्या विरोधात नेहमी विचारला गेला. माझे उत्तर असे, की पुराणिकाला श्रोता समोर गृहीतच असतो. त्याच्या लेखी कविता कागदावर संपत नाही. कुणीतरी ती उलगडून सांगणार आहे या भरवशावर ती लिहिलेली असते. मोरोपंतांच्या कवितेत टीकाकाराची जागा आधीपासून रिकामी ठेवलेली आहे.

‘केकावली’ हे नावच पाहा. केका म्हणजे मोराचे ओरडणे, आवली म्हणजे ओळ. मोराच्या हाकांची ओळ. इथवर कोशाने भागते. पण कवीचे नाव मोरेश्वर, तो स्वतःला मयूर म्हणवतो, म्हणून हा मोर कवी स्वतः आहे. मोर कुणाला हाका मारतो? मेघाला. आणि ज्या देवाला ही आळवणी आहे त्याचा वर्ण मेघासारखा सावळा. म्हणजे एका शब्दात हाक मारणारा, हाक आणि ज्याला हाक मारली तो असे तिघेही आहेत. एवढे सांगून झाल्यावर ते पुस्तक वेगळे दिसायला लागते. हे जे मी आत्ता केले, ती टीका. यात मी मोरोपंतांना चांगले म्हटले नाही की वाईट म्हटले नाही.

पृथ्वी वृत्तातल्या सव्वाशेच्या आतल्या या श्लोकांतला एक तरी आपल्यातल्या पुष्कळांनी शाळेत प्रार्थना म्हणून म्हटलेला असतो. चांगल्या माणसांची सोबत मागणारा तो श्लोक मीही सात-आठ वर्षे रोज म्हटला. तो बारामतीच्या कवीचा आहे आणि त्यातल्या एका शब्दाचा अर्थ डाग असा आहे, हे मला कुणी सांगितले नाही. आम्ही तो पाठ म्हणत होतो, कारण तिथे टीका नव्हती.

*

या ‘केकावली’वर १८६५ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी टीका लिहिली. आईवडिलांच्या नावांवरून तिला नाव दिले ‘यशोदापांडुरंगी’. हे दादोबा म्हणजे १८३६ साली मराठीचे व्याकरण छापणारे, परमहंस सभेच्या संस्थापकांपैकी एक, इंग्रजी शिकलेले मुंबईचे सुधारक. सुधारकाने एका जुन्या भक्तिकवितेवर जुन्या पद्धतीची टीका लिहावी आणि आईवडिलांच्या नावाने लिहावी, यात त्या काळाचे सगळे पीळ आहेत.

या पुस्तकाला दुहेरी महत्त्व आहे. एका बाजूला ती परंपरेतली टीका आहे : पदे सुटी करा, त्यांचा अन्वय लावा, अर्थ सांगा. दुसऱ्या बाजूला दादोबांनी मोरोपंतांच्या कवितेचे गुण आणि दोष यांचीही चर्चा केली आहे, आणि आधुनिक मराठी समीक्षेच्या उगमाकडे जाताना अभ्यासकांना या पुस्तकाशी थांबावे लागते ते त्यामुळे. इंग्रजी शिक्षणातून ग्रंथाचे गुणदोष पाहण्याची जी नवी रीत आली तिला मराठीत नाव हवे होते. ते नाव जवळच होते, वापरातले होते, ग्रंथावर लिहिण्याशी जोडलेले होते. ते म्हणजे टीका. जुन्या घरात नवे बिऱ्हाड आले. ‘यशोदापांडुरंगी’त जुना मालक आणि नवे बिऱ्हाड एका छपराखाली राहताना दिसतात. म्हणून म्हटले, की हा शब्द जिथे वळला त्या वळणावर बारामतीची एक कविता उभी आहे.

दादोबांच्या बाबतीत मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. दोष दाखवण्याचा हक्क त्यांनी अर्थ सांगून मिळवला होता. ज्या कवितेचा शब्द न् शब्द सोडवला तिच्याविषयी ते बोलत होते.

पुढे नऊ वर्षांनी, १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. मोरोपंतांच्या कवितेवर त्यांनी विस्ताराने लिहिले आणि मोरोपंतांची बाजू घेतली. ते लिहिणे रसाळ आहे. पण त्याच निबंधमालेत लोकहितवादी आणि जोतीराव फुले यांच्यावर त्यांनी जे लिहिले त्याला धार होती, उपहास होता, आणि समोरच्याला काय म्हणायचे आहे ते आधी समजून घेण्याची तयारी फारशी नव्हती. मराठी गद्याला त्यांनी दिलेली ताकद कुणी नाकारू नये. पण वृत्तपत्रांतून, सभांतून पुढे जी टीका पसरली तिने विष्णुशास्त्र्यांची धार तेवढी उचलली. दादोबांचा अन्वय मागे राहिला. नवे बिऱ्हाड मालक झाले आणि मूळ मालक ओसरीवर आला.

*

हे फक्त मराठीत झाले असेही नाही. गुजरातीत ‘टीका’ आणि कन्नडमध्ये ‘टीके’ यांनी हाच दोष काढण्याचा अर्थ घेतला आहे. हिंदीत मात्र तसे झाले नाही. तिथे ग्रंथावरची ती टीका, दोष काढणे ती आलोचना, आणि कपाळावरचा टिळा व दवाखान्यातली लस हेही टीकाच. करोनाच्या काळात हिंदी वाहिन्यांवर ‘टीका लगवाइए’ असे आवाहन चाले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या एक आजी म्हणाल्या, ‘आपल्याकडं तर फुकट लावत्यात, तेबी रोज.’

हिंदीच्या वाटेने आणखी एक शब्द परत आला आहे. ‘सटीक’ म्हणजे टीकेसह. ‘सटीक भागवत’ म्हणजे अर्थासह छापलेले भागवत. वारीत रस्त्याकडेच्या पुस्तकांच्या दुकानात ‘सार्थ’ म्हणून मिळते त्याचेच हे संस्कृत नाव. हिंदीत ‘सटीक’चा अर्थ झाला अचूक, नेमका. आता मराठी बातम्यांतही ‘सटीक विश्लेषण’ वाचायला मिळते. लिहिणाऱ्याला म्हणायचे असते नेमके, आणि जुन्या मराठीच्या कानाला ऐकू येते : अर्थ सांगणारी टीप जोडलेले. म्हणजे समजावण्याचा अर्थ दोन्हीकडून गेला. ‘टीका’मधून मराठीने घालवला, ‘सटीक’मधून हिंदीने.

धाकटी बहीण मात्र बरी राहिली. कचेरीत अजूनही फाइलीवर ‘टिपणी’ सादर करतात. प्रकरण काय, नियम काय, आधी काय ठरले होते, हे त्यात मांडलेले असते. ती सरळ जुन्या अर्थाची आहे. पण हीच टिप्पणी थोरलीचा हात धरून ‘टीकाटिप्पणी’ झाली, की तीही बिघडते.

आणि आम्ही साहित्यवाल्यांनी काय केले? शब्द बदनाम झालेला पाहिला आणि घर बदलले. टीका म्हणायचे सोडून समीक्षा म्हणायला लागलो. ‘आलोचना’ नावाचे मासिक निघाले, मीमांसा झाल्या. ‘टीकाकार’ मागे पडला, ‘समीक्षक’ पुढे आला. नाव बदलल्यामुळे भांडण टळेल असे वाटले असावे. राजशेखराच्या यादीत समीक्षा ही भाष्याच्याही आत शिरणारी. म्हणजे नाव तर आम्ही जास्त जबाबदारीचे घेतले. काम तेवढे केले का, हा प्रश्न आहे.

*

इथपर्यंतचे सगळे शब्दाचा इतिहास म्हणून वाचून सोडून देता येईल. पण शब्दाचा अर्थ बदलला की माणसाचे काय होते ते मी घरात पाहिले आहे.

माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, प्राथमिक शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर शेती बघतात. एका साखर कारखान्याचे सभासद आहेत. कारखान्याचे नाव सांगायचे कारण नाही. वार्षिक सभेच्या आधी अहवाल घरपोच येतो. तो बहुतेक घरांत न उघडता रद्दीत जातो. अण्णांनी तो पेन्सिल घेऊन वाचला. गावातल्या दहा-बारा जणांना ओट्यावर बसवून समजावला. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये. त्यावर उतारा एक दशांश टक्क्याने वाढला की टनामागे ३३ रुपये २० पैसे वाढतात. समजा उतारा ११ आला, तर ३,६४९ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. समजा ती नऊशे, तर हातात २,७४९. हे पैसे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत द्यायचे असतात. ‘आता अहवालातला उतारा कुठल्या पानावर आहे, तोडणी-वाहतूक कुठल्या पानावर आहे, ते बघा आणि आपापली पट्टी काढा,’ असे अण्णा म्हणाले. त्यांनी कुणाला चोर म्हटले नाही. हिशेब बरोबर आहे की चूक हेही सांगितले नाही. फक्त तो कसा वाचायचा ते सांगितले.

सभेत त्यांनी उभे राहून एवढेच विचारले, की तोडणी-वाहतुकीच्या आकड्यात कोणकोणत्या बाबी धरल्या आहेत ते सभासदांना समजेल असे सांगावे. मंचावरून उत्तर आले, ‘मास्तर, टीका करायला अक्कल लागत नाही. संस्था चालवून दाखवा.’ टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून अण्णा विरोधी गटाचे झाले. विरोधी गटालाही तेच वाटले, आणि त्यांचा माणूस पॅनेलची उमेदवारी विचारायला घरी आला. अण्णा त्याला म्हणाले, ‘अहो, मी टीका केलीच नाही. मी वाचून दाखवलं.’ तो म्हणाला, ‘तेच ते, अण्णा.’

‘तेच ते.’ मी हे ऐकले तेव्हा शब्दाच्या इतिहासातली माझी मौज संपली. समजावून सांगणे आणि हल्ला करणे यांना एकच शब्द उरला, की समजावणारा प्रत्येक जण हल्लेखोर ठरतो. मग शहाणी माणसे समजावायचेच सोडतात. ओट्यावरची बैठक पुढच्या वर्षी झाली नाही. दहा-बारांपैकी दोघांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितले, ‘आमचं पोरगं तिथं कामाला आहे, मास्तर.’ अण्णांनी त्यांना दोष दिला नाही.

*

मी स्वतःही यातून सुटत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या एका कवीच्या संग्रहावर मी लिहिले होते. अभिव्यक्ती विस्कळीत, प्रतिमा अनाकलनीय, असे दोन-तीन पानांत निकाल दिले होते. संग्रहात एका कवितेत ‘पाणी आलं आणि गाव गेलं’ अशा आशयाचे काही होते, ते मला ढोबळ वाटले. कवी भेटला तेव्हा रागावला नाही. म्हणाला, ‘सर, चांगली का वाईट ते राहू द्या. पण ती उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावाची आहे, एवढं तरी वाचणाऱ्याला सांगायला हवं होतं. तुम्ही इथलेच.’ भीमेवर उजनीचे धरण झाले तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या काठच्या गावांची जमीन आणि घरे पाण्यात गेली, हे मला ठाऊक होते. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवच्या जुन्या देवळाचा कळस आणि मग भिंती उघड्या पडतात, ते मी कितीदा पाहिले आहे. कवितेत ज्याला मी अनाकलनीय म्हटले होते ते दगड बहुधा तिथलेच होते. मी कवितेबरोबर दोन पावले चाललो नव्हतो आणि ती कुठे चुकली ते सांगून मोकळा झालो होतो. मी त्याला समीक्षा म्हणत होतो. मंचावरच्या त्या माणसापेक्षा माझे मराठी शुद्ध होते, एवढाच फरक.

याचा अर्थ दोष दाखवू नयेत असा मुळीच नाही. हिशेबात चूक असेल तर चूक म्हणावे, कविता फसली असेल तर फसली म्हणावे. वामनपंडितांनी ज्ञानेश्वरांनाही सोडले नाही. माझे म्हणणे क्रमाचे आहे. आधी समोरच्याने काय म्हटले ते त्यालाही मान्य होईल असे सांगता आले पाहिजे, मग आपले. जी टीका पहिला भाग गाळते तिला दुसरे कुठलेही नाव द्यावे. आणि जो फक्त पहिला भाग करतो, अण्णांसारखा, त्याला दुसऱ्या भागाची शिक्षा होऊ नये.

*

शब्द मागे फिरवता येत नाहीत. ‘टीका’ला पुन्हा जुन्या घरात नेऊन बसवावे असा माझा आग्रह नाही, तो कुणी ऐकणारही नाही. पण या भागातल्या बोलीने आपली सोय आधीच करून ठेवली आहे, ती मला उशिरा दिसली. आमच्याकडे दोष काढण्याला टीका म्हणतच नाहीत. नावे ठेवणे म्हणतात, खोड काढणे म्हणतात, उणेदुणे म्हणतात. आणि समजावून सांगण्याला म्हणतात, ‘इस्कटून सांगणे’. विस्कटणे म्हणजे प्रमाण मराठीत बिघडवणे, मोडणे. घडी विस्कटली, केस विस्कटले. पण बँकेच्या खिडकीशी, तलाठ्याच्या समोर, डॉक्टरच्या पुढ्यात आमचा माणूस म्हणतो, ‘सायेब, जरा इस्कटून सांगा की.’ गठ्ठा सोडा, आतले एकेक वेगळे करून माझ्यासमोर पसरा, मला मोजू द्या. पंजिका जे पदांना करते ते हेच. निमगाव केतकीच्या मुक्कामावर एकदा कीर्तनकार अवघड वेदान्तात शिरले, तेव्हा पुढे बसलेल्या एका म्हातारीने हात जोडून सगळ्यांदेखत म्हटले होते, ‘बुवा, इस्कटून.’ एकच शब्द. बुवा थांबले, हसले, आणि पुन्हा चरणावर आले. तिच्या त्या शब्दात बुवांवर टीका होती का? होती, दोन्ही अर्थांनी.

त्या मुलीला वर्गात मी हे काही सांगू शकलो नव्हतो. पुढच्या आठवड्यात मात्र तास घेतला. राजशेखराची यादी फळ्यावर लिहिली, मोरोपंत सांगितले, दादोबा सांगितले, अण्णांचे नाव न घेता सभाही सांगितली. वर्षअखेरीला अंतर्गत परीक्षेत प्रश्न होता : ‘ज्ञानेश्वरी हा टीकाग्रंथ आहे, स्पष्ट करा.’ तिच्या उत्तराचे पहिले वाक्य होते, ‘माउलींनी गीता लोकांना इस्कटून सांगितली.’ प्रमाणभाषेचा नियम लावला असता तर अर्धा गुण कापावा लागला असता. मी लाल पेन हातात घेतले, शब्दाखाली रेघ मारली, आणि समासात बरोबरची खूण केली.